सूचना क्रमांक दोन

आपत्ती कक्षात माझं काम काय, असं कुणी विचारलं की आमचा गाडीवाला माझ्याआधी उत्तर देतो, "मॅडम शहरावर ओरडतात, आणि मी ते ओरडणं फिरवून आणतो." त्यात खोटं काही नाही. पूर येवो, आग लागो, पाण्याच्या टाकीत भलतंच काही सापडो, लोकांनी काय करायचं ते चार वाक्यांत लिहायचं, मागच्या छोट्या खोलीत बसून माझ्याच आवाजात रेकॉर्ड करायचं आणि साहेबांची सही झाली की बटण दाबायचं. शहरात पाच ठिकाणी उभ्या असलेल्या पाच गाड्यांच्या भोंग्यांतून मग एकदम माझा आवाज बाहेर पडतो. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. आवाज बदलायचा नाही, हा आमचा नियम. ज्या आवाजाने आत बसा म्हटलं त्याच आवाजाने बाहेर या म्हणायचं, म्हणजे अफवा कुठली आणि खरं कुठलं ते लोकांना कळतं.

या कामाची मला भारी घमेंड होती, ती आधीच कबूल करते. 'घाबरू नका' हे शब्द मी कधीच लिहिले नाहीत, कारण ते ऐकले की न घाबरलेला माणूसही घाबरतो. दर दोन-तीन वर्षांनी नवे साहेब यायचे आणि 'नागरिकांना विनम्र आवाहन' असं सुरू होणारा कागद माझ्यापुढे ठेवायचे. मी त्यांच्या देखत तो खोडायची. घर पेटलेलं असताना विनम्र आवाहन कोण ऐकत बसतं? माझी सूचना 'ऐका' या शब्दाने सुरू व्हायची आणि सात-आठ शब्दांपेक्षा लांब वाक्य तिच्यात नसायचं. लोक रस्त्यात मला नुसत्या आवाजावरून ओळखायचे. भाजीवाली वजन करता करता मान वर करून म्हणायची, "तुम्ही भोंग्यातल्या बाई ना?" मी हसून हो म्हणायची आणि मनातल्या मनात फुगायची.

आमच्याकडे एक लाल वही आहे. प्रत्येक सूचनेचा क्रमांक, मजकूर आणि दिल्याची वेळ तिच्यात लिहायची. नियमाने वेळ नंतर टाकायची असते, पण धावपळीत नंतर सवड कुणाला होते? म्हणून मजकूर सहीला वर पाठवतानाच आम्ही वेळ टाकून मोकळे होतो. सही यायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढी पुढची वेळ धरायची. कक्षातल्या सगळ्यांचीच ही सवय, आणि ती लावणारी मी. इतक्या वर्षांत ती वेळ दोन मिनिटांपलीकडे कधी चुकली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात, एका कामाच्या दिवशी, दुपारी पावणेबाराला बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली. दहा मिनिटांत माझी पहिली सूचना बाहेर पडली. "ऐका. हवेत विषारी गॅस आहे. घरात जा. दारं-खिडक्या बंद करा. फटींना ओली फडकी लावा. मी पुढची सूचना देईपर्यंत उघडू नका. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका." दर दहा मिनिटांनी ती वाजत होती. रस्ते बघता बघता ओस पडले. माणसं कशी शहाण्यासारखी वागली म्हणून नंतर वर्तमानपत्रांनी कौतुकही केलं.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याचा वायरलेसवर निरोप आला. नळी बंद झाली होती, वारा फिरला होता, बाहेरची हवा स्वच्छ होती. "पण घराघरांत थोडाथोडा गॅस शिरलाय," तो म्हणाला, "तो आता आतच कोंडून राहील. लोकांना लवकर बाहेर काढा." मी पहिली सूचना थांबवली, दुसरी लिहिली, खोलीत जाऊन रेकॉर्ड केली आणि कानाला लावून एकदा ऐकली. वहीत क्रमांक दोन घातला, पुढे 'दुपारी २.१५' असं लिहिलं आणि कागद वर पाठवला.

सही आली नाही. मी वर गेले. साहेब कारखान्याच्या माणसांबरोबर बसले होते. म्हणाले, "धोका टळला असं आपण म्हणायचं आणि नंतर कुणी पडलं, तर खापर कुणाच्या डोक्यावर? जरा थांबा." अडीचला पुन्हा गेले, तर तेच. तीनला गेले तेव्हा आत पत्रकार होते आणि दार लावलेलं होतं. खाली येऊन मी बटणासमोर बसले. खरं सांगायचं तर बटण दाबायला सही लागत नाही, बोट लागतं, आणि बोट माझ्याजवळ होतं. मी दाबलं नाही. सव्वीस वर्षं नियमाने वागलेली बाई मी, एका दुपारसाठी नियम मोडायला माझे हात धजले नाहीत. साडेसहाला कागद परत आला. त्यावर शेरा होता, 'आता आवश्यकता नाही.' तोवर लोक कंटाळून, कुणी कुणाचं बघून, आपापले बाहेर पडले होते. ती दुसरी सूचना सबंध शहरात एकाच माणसाने ऐकली होती, ती म्हणजे मी.

दोन माणसं गेली. एक कारखान्यातला कामगार, आणि एक म्हातारे गृहस्थ, कारखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर राहणारे. दुसऱ्या दिवशी लाल वहीवरून अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं, 'सूचना क्रमांक दोन, धोका टळल्याची, दुपारी २.१५ वाजता प्रसारित.' मी त्या ओळीवर बोट ठेवून साहेबांना म्हटलं, हे खरं नाही. ते अगदी शांतपणे म्हणाले, "वहीत अक्षर कुणाचं आहे?" माझंच होतं. मला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अहवालावर मी सही केली, आणि वर्तमानपत्रांत सव्वादोन छापून आलं.

दोन महिन्यांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. बाईचा आवाज होता, वयस्कर, फार सभ्य. "तसदी देते," ती म्हणाली. "त्या गॅसच्या दिवशी दुसरी सूचना खरंच दिली होती का हो?"

क्षणाचाही वेळ न लावता मी म्हटलं, "दिली होती, काकू. सव्वादोनला. तुम्हाला ऐकू आली नसेल."

ती म्हणाली, "असेल. नळ चालू असेल माझा. आमच्या ह्यांना त्या दिवशी..." आणि वाक्य तिथेच सोडून, माझे आभार मानून तिने फोन ठेवला. ही कोण ते मला कळलं.

तेव्हापासून माझ्यामागे ती सूचना लागली. दुपारी सव्वादोनला, कुठेही असले तरी, मला माझाच आवाज ऐकू यायचा. कचेरीत, दवाखान्याच्या रांगेत, स्वयंपाकघरात. लांबून यायचा, भोंग्यातून आल्यासारखा, आणि मी चमकून इतरांकडे बघायची तर कुणाच्या चेहऱ्यावर काही नसायचं. मी आणि माझी थोरली बहीण, दोघीच एका घरात राहतो. एका रविवारी भांडी विसळताना ताईने नळ बंद केला आणि म्हणाली, "अगं, किती वेळा सांगशील? उघडल्यात सगळ्या खिडक्या." मी काही बोललेच नव्हते, निदान मला तसं वाटत होतं. ताई हसत होती. मला हसू आलं नाही. पुढे पुढे ती हसेनाशी झाली आणि डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली.

त्या फोननंतर आठ महिन्यांनी साहेबांच्या टेबलावरून एक अर्ज माझ्याकडे आला. टपोरं, शाळेतलं अक्षर. 'सूचना क्रमांक दोन आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, त्या दिवशी होती तेवढ्याच आवाजात, एकदा पुन्हा लावावी. मी त्या वेळी खिडक्या बंद करून व नळ सोडून उभी राहीन. मला ऐकू येत होती किंवा नाही, एवढंच पाहायचं आहे.' कडेला साहेबांनी लिहिलं होतं, 'भेट घेऊन समजूत घालावी.'

मी गाडीवाल्याला गाडी काढायला सांगितली. वाटेत तो नेहमीसारखी थट्टा करत होता, माझं मात्र त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी मनाशी एक हिशेब जुळवला होता आणि त्याची आज मला शरम वाटते. खिडक्या बंद, नळ चालू, वय सत्तरीचं. तिला ऐकू येणार नाही. मग तिला वाटेल की आपला काही दोष नव्हता, ऐकूच येण्यासारखं नव्हतं. तिचं समाधान होईल आणि मलाही काही बोलावं लागणार नाही.

दोन खोल्यांचं घर. खिडक्यांच्या चौकटींवर चिकटपट्टीचे डाग अजून होते. काकूंनी ते घासून काढले नव्हते. त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर बसल्या. दोन्ही कानांत ऐकण्याचं यंत्र.

"डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "मीच हट्टाने घेतलं. म्हटलं, कान चांगले असते तर ऐकू आलं नसतं का? शेजारीपाजारी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, हो हो, गाडी ओरडत होती की."

गाडी ओरडतच होती, पहिली सूचना. आणि एकदा सव्वादोन छापून आलं म्हटल्यावर लोकांना दुसरीही आठवायला लागली होती. हे मी मनात म्हटलं, तोंडाने नाही.

"आमचे हे शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे," काकू सांगत होत्या. "तीस वर्षं. गॅस आला तेव्हा पहिल्या झटक्यात ओळखला त्यांनी, म्हणाले, अमोनिया आहे. मोरीच्या झरोक्यातून आत आला होता. तो बुजवला, ओले टॉवेल लावले. त्यांना दमा. अडीच-तीनच्या सुमाराला म्हणाले, आता बाहेर वास नाही, जे आहे ते घरातच कोंडलंय, खिडकी उघड. मी उघडू दिली नाही. उठले तर मी आडवी उभी राहिले. भांडले त्यांच्याशी. पन्नास वर्षांत इतकी भांडले नव्हते." त्यांनी पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. "पाच वाजता शेजारच्यांनी दार वाजवलं. हॉस्पिटलात नेलं, पण संध्याकाळी गेले. मुलाला मी काही लपवलं नाही. सांगितलं त्याला, सूचना सव्वादोनला आली होती रे, मला ऐकू आली नाही, मी बाबांना अडवून धरलं. तो काही बोलला नाही. रविवारी फोन करतो. दोन मिनिटं. औषध घेतेस ना, विचारतो, आणि ठेवतो."

इथे बोलायला हवं होतं आणि मी बोलले नाही. काकू उठल्या. त्यांनी दोन्ही खिडक्या लावल्या, कानांतली यंत्रं काढून फळीवर ठेवली. "त्या दिवशी नव्हती ना ही," म्हणाल्या. मोरीत जाऊन बादलीत नळ सोडला आणि टॉवेल हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी दार ओढून घेऊन बाहेर आले.

गाडीवाला कोपऱ्यावर भोंग्याची तोंडं सारखी करत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी इथेच उभा होतो. याच कोपऱ्यावर. पाच वाजेपर्यंत, इंजिन चालू ठेवून. म्हटलं, आता येईल तुमचा आवाज."

"माहीत आहे मला."

"मग हे काय चाललंय आपलं?"

"लाव," मी म्हटलं. "आणि आवाज जरा कमी ठेव."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तो आत वाकला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं, त्या दिवशी होतं तसं.

मग ती वाजली. "ऐका. धोका टळला आहे. दारं-खिडक्या सगळ्या उघडा. आता घराबाहेर या. मोकळ्या हवेत थांबा. घरात वारा खेळू द्या." भर दुपारची ती गल्ली माझ्या आवाजाने भरून गेली. समोरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. आठ महिने जो आवाज माझ्या एकटीच्या कानात होता तो बाहेर पडला होता, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. इतकी स्पष्ट, इतकी साधी सूचना. कुणालाही कळली असती. कुणीही खिडकी उघडली असती.

दार उघडलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. हात ओले होते, टॉवेल तसाच धरलेला.

"आली," त्या म्हणाल्या. "शब्द न शब्द ऐकू आला." आणि त्यांनी ती सूचना अख्खी म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता.

त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. रंग उडाला होता. त्या सावकाश पायरीवर बसल्या.

"म्हणजे त्या दिवशीही आली असणार," त्या म्हणाल्या. "नळ चालू असूनही. मला वाटत होतं, कान गेले असतील, नळाचा आवाज असेल. तसं काही नव्हतं. मला ऐकू आली होती. ऐकूनही मी खिडकी अडवून उभी राहिले. असं होतं का हो माणसाचं, बाई? भीतीने डोकं चालेनासं होतं का? की मी मुद्दामच..."

"काकू," मी म्हटलं.

"पन्नास वर्षांत कधी तरी राग येतोच ना. मनात काही असेल का माझ्या?"

"काकू, थांबा." मी त्यांच्यासमोर खाली बसले, रस्त्यावरच. "ही सूचना आज पहिल्यांदा वाजली. त्या दिवशी दिलीच नव्हती. मी लिहिली, रेकॉर्ड केली, वहीत वेळ टाकली, आणि सही आली नाही. मी बटण दाबलं नाही. अहवाल खोटा आहे. त्यावर माझी सही आहे. तुम्हाला ऐकू आली नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच."

"खरं आहे, मावशी," गाडीवाला मागून म्हणाला. "मी इथेच होतो. वाट बघत."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. आत बादली भरून वाहत होती, त्याचा आवाज येत होता. कुणी उठलं नाही.

"मी फोन केला होता," त्या शेवटी म्हणाल्या. "तो तुम्हीच उचलला होता ना?"

"हो."

"तुम्ही म्हणालात, दिली होती, तुम्हाला ऐकू आली नसेल."

"हो."

"आवाज ओळखला होता मी तुमचा. भोंग्यातल्या बाई त्या. म्हणून तर पुढे एक अक्षर विचारलं नाही. त्या खोटं कशाला सांगतील?"

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. चांगले नव्हते, एवढं नक्की. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या बंद खिडकीकडे बघत होत्या.

"ते खिडकीपाशी आले तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, अहो, तुम्हाला शाळेतलं कळतं, हे नाही. बाई सांगतील ना. धोका टळला की त्या लगेच सांगतील. तर ते दमलेले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, बरं. तू म्हणतेस तर थांबू. त्या बाई विसरायच्या नाहीत."

मग त्या रडल्या. मोठ्याने, लाज न बाळगता. गाडीवाल्याने तोंड फिरवलं. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, आणि ते योग्यच होतं.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या, आत गेल्या, नळ बंद केला. बाहेर आल्या तेव्हा हातात मोबाइल होता. एक एक आकडा बघून त्यांनी नंबर लावला, कानाला न लावता माझ्यापुढे धरला.

"मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणेल, आई स्वतःची समजूत घालते आहे. तुम्ही सांगा. भोंग्यात बोलता तसं सांगा. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

मी फोन घेतला. पलीकडे कचेरीतला गलका होता. मग तो दूर गेला आणि एक पुरुषी आवाज, कामाच्या दिवशी फोन आला म्हणून घाबरलेला, म्हणाला, "आई? काय झालं? आई, बोल ना."